वळूचे रेत निवडताना आपण नेमके काय निवडतो?

पशुमित्र

रेताच्या गुणवत्तेची चर्चा निघाली की दोन अगदी निराळ्या बाबी एकमेकींत मिसळल्या जातात. या रेताने गाय गाभण राहण्याची शक्यता किती, ही एक. आणि गाभण राहिल्यावर जन्मणारी कालवड पुढे कशी निघेल, ही दुसरी. पहिलीचा संबंध शुक्राणूंच्या तब्येतीशी आहे, दुसरीचा त्यांनी वाहून आणलेल्या जनुकांशी. एखाद्या वळूचे रेत सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम दिसते, गायीही पहिल्याच खेपेस गाभण राहतात, आणि तरी त्याच्या मुली आपल्या आयांपेक्षा कमी दूध देतात. उलट, ज्याच्या मुली नावाजल्या गेल्या अशा वळूच्या रेताला गोठवणे सोसत नाही, असेही घडते. हे दोन हिशेब स्वतंत्रपणे मांडल्याशिवाय निवड नीट होत नाही असे माझे ठाम मत आहे, आणि त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

सुरुवात शुक्राणूंपासून करतो. प्रौढ वळूकडून एका वेळी साधारण ४ ते ८ मिलिलिटर रेत मिळते आणि त्यात दर मिलिलिटरमागे सुमारे १ अब्ज शुक्राणू असतात. नेहमीच्या गोठित कांडीत, म्हणजे पाव किंवा अर्धा मिलिलिटरच्या मात्रेत, दीड ते अडीच कोटी शुक्राणू भरले जातात, त्यामुळे एका संकलनातून काहीशे कांड्या तयार होतात. गोठवणे आणि वितळवणे या दोन टप्प्यांत यांतले जवळपास निम्मे निकामी होणार, हे गृहीत धरूनच ही संख्या ठरलेली असते. वितळवल्यानंतर सरळ पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण ठरावीक मर्यादेच्या, सहसा ४० ते ५० टक्क्यांच्या, खाली आढळले तर चांगली केंद्रे ती संपूर्ण खेप बाद करतात.

ही हालचाल तपासणे आवश्यकच आहे. पण तिलाच सर्वस्व मानणे मला मान्य नाही. शुक्राणूला पोहता आले पाहिजे हे खरे, परंतु बीजांडाजवळ पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्यावरचे ॲक्रोसोम नावाचे आवरण शाबूत राहिले पाहिजे, गर्भाशयात काही तास राहून फलनाची क्षमता त्याच्यात यायला हवी, आणि त्याच्या केंद्रकातला डीएनए घट्ट बांधलेला आणि अखंड असला पाहिजे. म्हणूनच अभ्यासक शुक्राणूंतील दोषांचे दोन गट करतात. काही दोषांमुळे शुक्राणू बीजांडापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी मात्रेतली संख्या वाढवली तर उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. दुसऱ्या प्रकारचे दोष असलेला शुक्राणू मात्र पोहोचतो, बीजांडात शिरतो, इतर निरोगी शुक्राणूंना वाट बंद करतो, आणि त्यापासून बनलेला गर्भ पहिल्या काही दिवसांतच नष्ट होतो. या दुसऱ्या गटातील दोषावर कांडीत कितीही शुक्राणू भरले तरी उपाय होत नाही. गाय पुन्हा माजावर येते आणि दोष बहुधा तिच्याच माथी मारला जातो.

सूक्ष्मदर्शकाची मर्यादा दाखवणारे एक उदाहरण फार बोलके आहे. फ्लेकवी जातीतील काही वळूंच्या रेताची हालचाल, संख्या आणि आकार ही सर्व मोजमापे नेहमीसारखी होती, तरीही त्यांच्या रेतापासून शंभरांत दोन गायीसुद्धा गाभण राहत नव्हत्या. २०१४ मध्ये याचे कारण सापडले: टीएमईएम९५ नावाच्या जनुकात बिघाड होता आणि त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या वळूचा शुक्राणू बीजांडापर्यंत जाऊनही त्याच्याशी एकरूप होऊ शकत नव्हता. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या कुठल्याही चाचणीत हे दिसले नसते. गायी प्रत्यक्षात किती गाभण राहिल्या, या नोंदीमुळेच ते उघडकीस आले.

शेतशिवार

अतिशय उपयुक्त लेखन. एक व्यवहारातला प्रश्न विचारतो. माझ्यासमोर दोन वळूंची माहिती आहे. एकाच्या रेताची वितळवल्यानंतरची हालचाल ६५ टक्के आहे, दुसऱ्याची ५२ टक्के. इतर गोष्टी सारख्या असतील तर पहिला निवडणे योग्य ठरणार नाही का? शिवाय, एका ओळखीच्या गोठ्यात दुसऱ्या वळूच्या वीस रेतनांपैकी बारा गायी गाभण राहिल्या आणि पहिल्याच्या वीसपैकी सात, असे मला सांगण्यात आले. यातले कोणते अधिक विश्वासार्ह मानावे?

आकडेमोड

शेतशिवार, आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर काहीसे निराशाजनक आहे, परंतु ते समजून घेणे फार महत्त्वाचे आहे.

किमान मर्यादा ओलांडल्यावर ५२ आणि ६५ यांतल्या फरकावरून गर्भधारणेतला फरक फारसा सांगता येत नाही, कारण दोन्ही कांड्यांत फिरते शुक्राणू गरजेपेक्षा जास्तच असतात. संगणकाच्या साहाय्याने मोजलेली हालचाल नजरेने केलेल्या अंदाजापेक्षा नक्कीच भरवशाची असते, तरी मोजमाप काटेकोर झाले म्हणून त्याचा गर्भधारणेशी असलेला संबंध घट्ट होत नाही.

आता गोठ्यातल्या अनुभवाविषयी. समजा एखाद्या वळूच्या रेताने गाभण राहण्याचे खरे प्रमाण ४० टक्के आहे. वीस रेतने केली तर त्यांतून आठ गायी गाभण राहाव्यात, परंतु केवळ योगायोगाने ती संख्या चार ते बारा यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकते. म्हणजे आपण ऐकलेले बारा आणि सात हे दोन्ही आकडे एकाच गुणवत्तेच्या रेतापासूनही येऊ शकतात. शंभर रेतने झाली तरी अंदाज सुमारे दहा टक्क्यांनी वर किंवा खाली चुकू शकतो; हजार रेतनांनंतर ही चूक तीन टक्क्यांपर्यंत येते. म्हणूनच वळूच्या प्रजननक्षमतेचे खरे मूल्यमापन शेकडो गोठ्यांतल्या हजारो नोंदी एकत्र करूनच होऊ शकते, आणि तेही गायीचे वय, वेत, ऋतू, रेतन करणारी व्यक्ती आणि गोठ्याचे व्यवस्थापन यांचा परिणाम गणिताने वजा केल्यावर. जेथे असे प्रकाशित मूल्यमापन उपलब्ध आहे तेथे मी इतर सर्व मोजमापांपेक्षा त्यालाच अधिक वजन देईन.

एक सावधगिरी सांगतो. काही ठिकाणी 'गाय ५६ दिवसांत परत माजावर आली नाही' एवढ्यावर ती गाभण मानली जाते. विकलेली, आजारी पडलेली किंवा जिचा माज ओळखताच आला नाही अशी गायही त्या हिशेबात गाभण ठरते. त्यामुळे हे प्रमाण प्रत्यक्ष गर्भतपासणीच्या आकड्यापेक्षा नेहमीच जास्त दिसते. दोन वळूंची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे आधी पाहावे.

सूक्ष्मदर्शी

मी प्रयोगशाळेत रेत तपासणीचे काम करतो, म्हणून वळूपासून कांडीपर्यंतच्या प्रवासाविषयी थोडे लिहितो.

वळूच्या वृषणात एक शुक्राणू पूर्ण तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात आणि त्यानंतर अधिवृषणातून पुढे येण्यास आठ ते अकरा दिवस. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी वृषणाचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा काही अंशांनी कमी राहावे लागते. वळूला ताप आला किंवा तीव्र उष्म्याचा त्रास झाला तर त्या दिवशी घेतलेले रेत कदाचित उत्तम दिसेल. बिघाड दिसू लागतो तो दोन-तीन आठवड्यांनी आणि पूर्ववत होण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ जातो. यासाठीच जबाबदार केंद्र वळूच्या आजारपणाची तारीख लिहून ठेवते आणि नंतरच्या खेपांमधील वाकड्या शेपट्या, निखळलेली डोकी, डोक्याचा निमुळता आकार, मानेपाशी राहिलेला द्रवबिंदू यांवर विशेष लक्ष ठेवते.

तरुण वळूची निवड करताना प्रजनन-योग्यता तपासणीत वृषणाचा घेरही मोजला जातो. युरोपीय वंशाच्या जातींसाठी मान्य असलेले किमान घेर पंधरा महिन्यांपर्यंत ३० सेंटिमीटर आणि दोन वर्षांवरील वळूसाठी ३४ सेंटिमीटर असे आहेत, आणि निदान ७० टक्के शुक्राणू नेहमीच्या आकाराचे असावेत अशी अपेक्षा असते. घेर मोठा असला की शुक्राणूंची निर्मिती जास्त होते. शिवाय हा गुण बऱ्यापैकी आनुवंशिक असून मोठा घेर असलेल्या वळूंच्या मुली लवकर वयात येतात असेही आढळले आहे. एका टेपने घेतलेले माप दोन पिढ्यांविषयी काही सांगून जाते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

गोठवण्याच्या तंत्राविषयी थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पॉल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉलमुळे शुक्राणू गोठूनही जिवंत राहतात हे दाखवले, आणि हा शोध बाटलीवरच्या चिठ्ठीच्या गोंधळातून लागला होता; फळातील साखरेचे द्रावण समजून जी बाटली वापरली गेली तिच्यात ग्लिसरॉल होते. आज आपण उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे रेत साठवतो त्याचे मूळ तेथे आहे.

परंतु नायट्रोजनच्या टाकीत सुरक्षित असलेले रेत टाकीबाहेर काढताना बिघडते, आणि हे मला सर्वांत आवर्जून सांगायचे आहे. कांडीचे तापमान उणे १३० अंशांच्या वर गेले की आतले बर्फाचे सूक्ष्म स्फटिक पुन्हा वाढू लागतात आणि शुक्राणूंची पटले फाटतात. एक कांडी शोधण्यासाठी संपूर्ण डबा टाकीच्या मानेच्या वर धरून ठेवला तर त्यातल्या उरलेल्या सर्व कांड्यांना हा धक्का बसतो, आणि पुन्हा नायट्रोजनमध्ये बुडवल्याने झालेले नुकसान भरून येत नाही. डबा मानेच्या आतच ठेवावा, आठ-दहा सेकंदांत कांडी सापडली नाही तर तो परत खाली सोडावा आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. वितळवण्यासाठी ३५ ते ३७ अंशांचे पाणी तापमापीने मोजून घ्यावे, कांडी त्यात ३० ते ४५ सेकंद ठेवावी, बाहेर काढून पूर्ण कोरडी पुसावी, कारण पाण्याचा एक थेंबही शुक्राणूंना मारक ठरतो, आणि पंधरा मिनिटांच्या आत रेतन पूर्ण करावे. खिशात किंवा तळहातावर धरून कांडी वितळवण्याची पद्धत पूर्णपणे सोडून द्यायला हवी. जगातला सर्वोत्तम वळू निवडला तरी या अर्ध्या मिनिटात ती निवड वाया जाऊ शकते.

कालवड

सूक्ष्मदर्शी, मनःपूर्वक आभार. लिंगनिर्धारित रेताविषयी विचारायचे आहे. कालवडी हव्यात म्हणून सर्वच गायींना तेच रेत वापरावे का? त्यातले शुक्राणू 'निवडलेले' असतात तर ते अधिक दमदार असायला हवेत, असे मला वाटत होते.

सूक्ष्मदर्शी

कालवड, तेथे निवड दमदारपणाची होत नाही. केवळ एक्स गुणसूत्र वाहणारे शुक्राणू वेगळे काढले जातात. गायीच्या वंशात एक्स गुणसूत्र असलेल्या शुक्राणूत वाय असलेल्यापेक्षा सुमारे ३.८ टक्के जास्त डीएनए असतो. शुक्राणूंना डीएनएला चिकटणारा रंग दिला जातो, लेझरखालून एकेक करून नेले जाते आणि चमक किती आहे त्यानुसार विद्युतभार देऊन वेगळे केले जाते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधन केंद्रात ही पद्धत विकसित झाली आणि १९८९ मध्ये सशांवर ती यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. आज तिच्या साहाय्याने साधारण ९० टक्के वासरे हव्या त्या लिंगाची होतात.

रंग, लेझर, दाब आणि विरलीकरण यांतून जाताना शुक्राणू थकतात, त्यांचे आयुष्य घटते. वर्गीकरण संथ आणि खर्चिक असल्यामुळे एका कांडीत सुरुवातीला केवळ २० लाख शुक्राणू भरले जात, पुढे ही मात्रा ४० लाखांपर्यंत नेण्यात आली. तरीही नेहमीच्या कांडीच्या तुलनेत ही संख्या कितीतरी लहान आहे. त्यामुळे गर्भधारणेचे प्रमाण नेहमीच्या रेतापेक्षा कमी राहते. चांगल्या अंगाच्या, नियमित माजावर येणाऱ्या कालवडींमध्ये ते रेत सर्वाधिक चालते. वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या, झार (वार) अडकलेल्या किंवा गर्भाशयाचा दाह होऊन गेलेल्या गायीत ते वापरणे मला योग्य वाटत नाही.

वेळेचेही भान हवे. नेहमीच्या रेतासाठी सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा नियम १९४० च्या दशकापासून प्रचलित आहे. बीजांड साधारणपणे माज सुरू झाल्यापासून २४ ते ३२ तासांनी सुटते. वर्गीकृत शुक्राणू थोडाच काळ टिकत असल्यामुळे ते बीजांड सुटण्याच्या अधिक जवळ, म्हणजे माज सुरू झाल्यावर १६ ते २४ तासांच्या दरम्यान सोडल्यास निकाल सुधारतो. त्यासाठी माज नेमका केव्हा सुरू झाला हे ठाऊक असावे लागते, आणि बहुतेक गोठ्यांत खरी उणीव तेथेच असते.

वंशावळ

आता धाग्याच्या दुसऱ्या भागाकडे वळू या. शुक्राणू निरोगी आहे, पण तो काय घेऊन येतो?

वळू स्वतः दूध देत नाही, त्यामुळे त्याची पारख नेहमीच दुसऱ्यांकडून करावी लागते: आईकडून, बहिणींकडून किंवा मुलींकडून. आईच्या दुधाचा आकडा सर्वांत सहज मिळतो, परंतु तो सर्वांत फसवाही असतो. दूध किती मिळेल यातल्या फरकाचा सुमारे पाव ते एक तृतीयांश भागच आनुवंशिक असतो. उरलेला भाग चारा, आरोग्य, ऋतू आणि देखभाल यांचा असतो. त्यातही आईची निम्मीच जनुके वळूकडे येतात आणि कोणती निम्मी आली हे कळायला मार्ग नसतो. एकाच आईबापाच्या दोन सख्ख्या भावांचे प्रजननमूल्य, म्हणजे संततीला जनुकांतून मिळणाऱ्या गुणांचा अंदाज, एकमेकांपासून बरेच दूर असू शकते. जुन्या काळी यावर एकच खात्रीचा उपाय होता: वळूच्या रेतापासून वेगवेगळ्या गोठ्यांत मुली जन्मू द्यायच्या, त्या व्याल्या आणि दुधाच्या नोंदी झाल्या की त्यांची तुलना त्याच गोठ्यातल्या समवयस्क गायींशी करायची. यात पाच-सहा वर्षे जात.

२००१ मध्ये म्युविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी संपूर्ण जनुकसंचावर पसरलेल्या हजारो खुणांच्या आधारे प्रजननमूल्य काढण्याची पद्धत मांडली, आणि जानेवारी २००९ पासून अमेरिकेत होल्स्टिन आणि जर्सी जातींसाठी अशी अधिकृत मूल्ये प्रसिद्ध होऊ लागली. वासरू जन्मताच रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून त्याच्या दुधाच्या गुणाविषयी सुमारे ७० टक्के विश्वासार्हतेचा अंदाज मिळू लागला. वळूंच्या बापांच्या बाबतीत दोन पिढ्यांमधले अंतर तेथे सुमारे सात वर्षांवरून अडीच वर्षांच्या खाली आले.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. हा अंदाज ज्या संदर्भ-समूहावरून, म्हणजे नोंदी झालेल्या जनावरांच्या गटावरून, काढलेला असतो त्याच जातीत आणि त्याच्याशी जवळचे नाते असलेल्या जनावरांत तो चालतो. होल्स्टिनच्या नोंदींवरून बनवलेले सूत्र वशिंडाच्या जातींना किंवा लहान संख्येच्या स्थानिक जातींना लावले तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. ज्या जातीत दूध, वेत आणि आरोग्य यांच्या नोंदीच होत नाहीत, तिच्यासाठी जनुकीय चाचणी विकत घेता येते, पण तिचा अर्थ लावता येत नाही. नोंदींचे कंटाळवाणे काम टाळून थेट जनुकांपर्यंत पोहोचण्याची वाट नाही, हे मला अत्यंत कळकळीने सांगावेसे वाटते.

शेतशिवार

वंशावळ, हे पटले. तरीही मला वाटते की दुधाचे प्रजननमूल्य सर्वाधिक असलेला वळू घ्यावा आणि बाकी गोष्टी व्यवस्थापनाने सांभाळाव्यात. मुलींच्या गर्भधारणेची आनुवंशिकता तर चार-पाच टक्के इतकी कमी आहे असे वाचले आहे. मग त्यासाठी निवड करून काय साधणार?

वंशावळ

शेतशिवार, आनुवंशिकता कमी असणे आणि आनुवंशिक फरक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकट्या गायीच्या नोंदीवरून तिची जनुके ओळखणे कठीण आहे, एवढाच त्या चार टक्क्यांचा अर्थ. वळूच्या शेकडो मुलींच्या नोंदी एकत्र आल्या की वळूंमधला फरक स्पष्ट दिसतो आणि तो चांगलाच मोठा असतो.

दुधासाठीच निवड केल्याचा परिणामही आपल्यासमोर आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होल्स्टिनचे दूध झपाट्याने वाढले आणि त्याच काळात गायी गाभण राहण्याची क्षमता सातत्याने घसरली, कारण या दोन गुणांचा आनुवंशिक संबंध एकमेकांविरुद्ध आहे. २००३ मध्ये तेथे वळूंच्या मुलींच्या गर्भधारणेच्या दराचे मूल्यमापन सुरू झाले, त्याला निवडीत वजन मिळाले आणि ती घसरण थांबली. नॉर्वेच्या तांबड्या जातीत प्रजननक्षमतेला १९७० च्या दशकापासूनच निवडनिर्देशांकात, म्हणजे अनेक गुणांना वजन देऊन काढलेल्या एकत्रित आकड्यात, स्थान दिले गेले होते आणि त्या जातीची त्याबाबतची ख्याती त्यातूनच आली आहे. व्यवस्थापनाने सांभाळायचे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दरवर्षी तोच खर्च करत राहायचे. निवडीने झालेली सुधारणा मात्र कळपात साठत जाते.

म्हणून एकाच गुणाऐवजी दूध, स्निग्धांश, प्रथिने, कासेची ठेवण, पाय, कासदाहाचा प्रतिकार, गर्भधारणा आणि आयुष्य यांना योग्य वजन देणारा निर्देशांक पाहावा. पहिलटकरू कालवडीसाठी आणखी एक अट मी कधीही सोडत नाही: वळूची वासरे सुलभपणे जन्मतात ना, हे पाहायचे. पहिल्याच वेताला अडलेली कालवड दुधातही मागे पडते आणि पुन्हा गाभण राहण्यासही वेळ घेते.

पशुमित्र

चर्चा अपेक्षेपेक्षा अधिक खोल गेली याचा आनंद आहे. वाहक वळूंचा, म्हणजे स्वतः निरोगी असूनही आनुवंशिक दोष पुढे नेणाऱ्या वळूंचा, विषय अजून आलेला नाही, तो मांडतो.

१९६२ मध्ये जन्मलेला पॉनी फार्म आर्लिंडा चीफ हा होल्स्टिन वळू आपल्या काळातला सर्वाधिक प्रभावी वळू होता. त्याच्या सुमारे १६ हजार मुली, पाच लाखांहून अधिक नाती आणि वीस लाखांहून अधिक पणती नोंदल्या गेल्या. त्याच्या एपीएएफ१ या जनुकाच्या एका प्रतीत बिघाड होता. एकच प्रत बिघडलेली असेल तर जनावर पूर्ण निरोगी असते; दोन्ही बिघडल्या तर गर्भ पोटातच मरतो. संशोधकांच्या अंदाजानुसार या एका दोषामुळे जगभरात ३५ वर्षांत सुमारे पाच लाख गर्भ वाया गेले, आणि मूळ कारण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नेमके स्पष्ट झाले. कार्लिन-एम आयव्हनहो बेल या दुसऱ्या गाजलेल्या वळूने वासरांची रोगप्रतिकारशक्ती नष्ट करणारा आणि मणक्याची रचना बिघडवणारा, असे दोन दोष वाहून नेले होते.

यातून 'वाहक वळू टाकून द्या' असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. चीफच्या वंशाने दुधात दिलेली वाढ त्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठी होती. धोका वाहक वळूचा नसून वाहक वळू आणि वाहक गाय यांच्या संयोगाचा आहे. त्या संयोगात दर चारपैकी सरासरी एक गर्भ दोन्ही बिघडलेल्या प्रती घेऊन येतो. आज या दोषांच्या चाचण्या उपलब्ध आहेत आणि वळूच्या माहितीत त्यांचे निकाल छापलेले असतात. ते वाचून गायीच्या बापाशी आणि आजोबाशी पडताळून पाहिले की काम होते.

आरोग्याविषयी थोडक्यात, पण निक्षून: उणे १९६ अंशांना शुक्राणू टिकतात तसे अनेक रोगजंतू आणि विषाणूही टिकतात. ब्रुसेला, कॅम्पिलोबॅक्टर, ट्रायकोमोनास, संसर्गजन्य नासादाहाचा विषाणू आणि बीव्हीडी (गायींचा विषाणूजन्य अतिसार) यांच्यासाठी वळूची विलगीकरणात आणि त्यानंतर नियमितपणे तपासणी होत नसेल, तर बाकीचे सर्व गुण कितीही उत्तम असोत, त्याचे रेत घेऊ नये.

कालवड

शेवटची शंका. हे सर्व निकष लावल्यावर जो एक वळू सर्वांत वरचा ठरेल, त्याचेच रेत संपूर्ण कळपाला वापरावे का? माझ्याकडील बऱ्याच गायी एकाच वळूच्या मुली आहेत.

आकडेमोड

गणिताच्या बाजूने सांगायचे तर, नको. तरुण वळूचे जनुकीय मूल्य ७० टक्के विश्वासार्ह असते, म्हणजे मुली व्याल्यानंतर काही वळू यादीत खाली येणार आणि काही वर जाणार हे निश्चित असते. कोण खाली येईल एवढेच आधी सांगता येत नाही. एकमेकांशी जवळचे नाते नसलेले पाच तरुण वळू वापरले तर त्यांच्या सरासरीतली अनिश्चितता एका वळूच्या अनिश्चिततेच्या निम्म्याहून कमी होते. ज्याच्या शेकडो मुलींच्या नोंदी झालेल्या आहेत अशा सिद्ध वळूवर त्यापेक्षा जास्त विसंबता येते, तरीही एकट्यावर नाही.

वंशावळ

नात्याच्या बाजूनेही, नको. आज कृत्रिम रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या जवळपास सर्व होल्स्टिन वळूंची पितृवंशाची रेषा १९६० च्या दशकात जन्मलेल्या केवळ दोन वळूंपर्यंत जाते. त्यातला एक वर उल्लेखलेला चीफ आणि दुसरा एलेव्हेशन. त्यामुळे यादीतली नावे निरनिराळी दिसली तरी आजोबा-पणजोबा सारखेच निघतात. आपल्या गायींच्या बापाचे नाव आणि शक्य असल्यास आईच्या बापाचे नाव लिहून काढा. ज्या गायी त्या एका वळूच्या मुली आहेत त्यांना त्याचे मुलगे आणि सावत्र भाऊ देऊ नका, मग निर्देशांकात ते कितीही वर असोत. निर्देशांकाने थोडा खालचा पण नात्याने दूरचा वळू त्या गायींसाठी बहुधा अधिक लाभाचा ठरतो, कारण जवळच्या नात्यातल्या संयोगाचा पहिला फटका गर्भधारणेला आणि वासरांच्या जगण्यालाच बसतो.

पशुमित्र

कालवड, वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. आपल्या कळपासाठी मी असे सुचवेन: त्या वळूच्या मुली वेगळ्या काढाव्यात, त्यांच्यात सामाईक उणीव कोणती आहे, सड आखूड आहेत, पाय कमकुवत आहेत की गाभण राहण्यास वेळ लागतो, हे पाहावे, आणि त्या उणिवेत बलवान असलेले, त्यांच्याशी नाते नसलेले दोन-तीन वळू त्यांच्यासाठी राखून ठेवावेत. कालवडींसाठी सुलभ प्रसूतीचे वळू वेगळे असावेत. प्रत्येक रेतनाच्या वेळी कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक आणि संकलनाची खेप दोन्ही लिहून ठेवावे. एकाच खेपेच्या कांड्यांवर गायी सारख्या उलटू लागल्या तर उरलेल्यांपैकी एक कांडी तपासणीसाठी पाठवून द्यावी आणि निकाल येईपर्यंत ती खेप वापरू नये.